गुलमोहराचा कट्टा

सोमवार, ४ ऑगस्ट
फट पडली आहे. काल नव्हती! गुलमोहराचा बुंधा आणि आमचा नवा कट्टा यांच्यामध्ये, करंगळी जाईल एवढी.

काल आम्ही बागमित्रांनी कट्ट्याला रंग दिला. रुचिरा, आमच्या ग्रुपची पुढारी, सगळ्यांसमोर म्हणाली, "सुनंदाताईंनी उभं राहून बांधून घेतलाय. झकास!" टाळ्या पडल्या. मीही हसले.

उभी होते म्हणूनच तर माहीत आहे. गवंडी विचारत होता, "बाई, मुळं आडवी येतायत. तोडू?" मी म्हटलं, तोड, गोल नीट आला पाहिजे. दोन मनगटाएवढी, एक मांडीएवढं. दुसरं कुणीच नव्हतं तिथे.

बुधवार, ६ ऑगस्ट
दोन बोटं जातात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन बागेत. मुलं कट्ट्यावर बसून गाणी म्हणणार. वीस-पंचवीस मुलं, त्या झाडाखाली! मुळं तुटल्याने झाड कलतंय, हे फक्त मला माहीत.

रुचिराला म्हटलं, दुसरीकडे बसवूया ना. "का हो? मग कट्टा कशाला बांधला?" आता सांगायचंच, असं ठरवलं होतं. तोंडातून निघालं — ऊन लागेल गं मुलांना. गुलमोहराखाली ऊन!

आणि भाऊ. पंचाहत्तरीचे, एकटे, मूळचे मालवणचे. रोज सकाळी तासभर तिथेच टेकतात. कट्टा झाल्यापासून तर मलाच दुवा देतात. जरा वारा सुटला की मी खिडकीत धावते.

रविवार, १० ऑगस्ट
श्रमदानाला सगळे होते. सांगता आलं असतं. नाही सांगितलं. लोक काय म्हणतील, याचीच भीती जास्त. लाज वाटते लिहितानासुद्धा.

सोमवार, ११ ऑगस्ट
गुळाचं पाणी केलं, दाट. बागेत कुणी नव्हतं तेव्हा कट्ट्यावर ओतून आले. मुंग्या लागल्या की कोण बसतंय! अक्कल बघा माझी — खरं बोलायची छाती नाही, गूळ फासायची आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट
लाल मुंग्याच मुंग्या! कुणी फिरकत नाही. भाऊसुद्धा लांबच्या बाकावर बसले. रुचिरा वैतागली, "वाट लागली यार प्रोग्रामची! मुलांना घसरगुंडीपाशी बसवू."

सुटले! किती दिवसांनी दोन घास नीट जेवले. पंधरा तारीख पार पडू दे, सोळाला महापालिकेच्या उद्यान खात्यात जाऊन सगळं सांगेन. माझी चूक म्हणून सांगेन. देवाशपथ.

गुरुवार, १४ ऑगस्ट
तीन बोटं. आणि फटीच्या बाजूची माती फुगली आहे.

गूळ पुन्हा ओतून परतताना भाऊ फाटकात भेटले. "बाय, ह्यो मुंग्यो खंयसून इल्यो गो? एवढो बरो कट्टो!" मी म्हटलं, पावसाळा आहे भाऊ, जातील आपोआप. ते कट्ट्याकडे बघत राहिले. मी मान खाली घालून घरी आले.

एकच दिवस. एकच दिवस उभा राहा रे बाबा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झाड सव्वासहाला पडलं. मुलं आलीच नव्हती अजून.

भाऊ आले होते. बादली, खराटा घेऊन, एकटेच — कट्टा धुवायला. वॉचमनला म्हणाले होते, "सुनंदाबायन् हौसेन बांधून घेतलो हा. आज तरी मुंग्यो नको."