थेंबांमागून

धामणगाव बढे
६ ऑक्टोबर २०२४

ति. ताईस,
धाकट्या किसनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की भांडण समजून शेजारी जमतात, तेव्हा आपलं पोस्टच बरं.

तुझा रवी तुला नोव्हेंबरअखेर पुण्याला कायमचं न्यायला येणार, आणि त्याआधी तुला बाबांचा ट्रॅक्टर एकदा शेतापर्यंत चालवायचा आहे, हे वाचून मंजुश्रीने माझ्याकडे पाहिलं आणि मी ट्रॅक्टरकडे. बाबा गेल्यापासून तो गोठ्यात उभा आहे. सुरू होतो, पण इंजिनातून ऑइल गळतं. तुझ्या पांढऱ्या लुगड्याची धूळधाण नको म्हणून मी गळती बंद करायचं ठरवलं आहे. मेकॅनिक जानराव म्हणाला, सोयाबीनच्या मळण्या चालू हायेत, मले सवड नाही, तोवर मास्तर तुम्ही हात नका लावू. मी तीस वर्षं मुलांना नद्यांचे उगम शिकवले. एका ऑइलचा उगम मला सापडणार नाही का?

ट्रॅक्टर चालवता येत नाही म्हणून दुरुस्तही करता येऊ नये, असा काही नियम नाही. लोभ असू दे.

तुझा,
किसन

*

साखरखेर्डा
१४ ऑक्टोबर

चि. किसनास अनेक आशीर्वाद. सौ. मंजुश्रीस जयभीम सांग.

तू इंजिन उघडणार हे वाचून फार काळजी वाटली. इंजिनाची. लहानपणी तू घरचा रेडिओ उघडलास आणि तेव्हापासून आपण बातम्या शेजारच्या खिडकीतून ऐकल्या. बाबांनी ट्रॅक्टर मला शिकवला आणि तुला घमेलं दिलं, ट्रॅक्टर उभा राहिला की गळतीखाली सरकवायला. त्यांनी विचार करूनच कामं वाटली होती.

तुला आठवतं का, आज बाबा कोणत्या शेतात आहेत असं आईला विचारलं, की ती म्हणायची, थेंब पाह्यत जाय. मी भाकरी घेऊन वाटेवरच्या ऑइलच्या काळ्या थेंबांमागून जायची. कधी चुकले नाही.

खरं सांगते किसन. रवी गुणाचा आहे, पण इथलं घर विकून टाकू म्हणतो. मला ऐकू येत नाही, एकटी कशी राहशील, म्हणतो. तेही खरंच. पण एकदा गेले की परत यायला दार राहणार नाही, याची मला भीती वाटते. म्हणून जाण्याआधी त्या सीटवर एकदा बसायचं आहे. जमलं तर बघ. जेवण वेळेवर घे, आणि बोटं मोजून ठेव.

तुझी,
बेबीताई

*

धामणगाव बढे
२५ ऑक्टोबर

ति. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

बोटं दहाच आहेत. बाकी सगळा आनंद आहे.

आधी ट्रॅक्टर धुतला, लाल रंग दिला. बाजूला एक उघडी नळी खाली तोंड करून लोंबत होती, तिच्यात गांधीलमाश्या घर करत होत्या. तिच्यात मंजुश्रीच्या जुन्या परकराचा बोळा ठासून वरून लांबीचा लेप दिला. मग मोबाईलवर बघून वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, खालच्या चेंबरचं बदललं, पेस्ट तर पुरणपोळीवर तूप घालावं तशी सढळ हाताने लावली.

काल सुरू केला. आधी एकाच जागेतून गळत होतं, आता चारी बाजूंनी गळतं. वरच्या झाकणातून उडालेली एक धार थेट माझ्या कपाळावर आली. मंजुश्री म्हणाली, दुरुस्ती झाली वाटते, टिळाबी लागला. मी नवं पॅकिंग पुन्हा बदललं. पुन्हा तेच. गावात आता मला मास्तर न म्हणता मिस्त्री म्हणतात, आणि हसतात.

ताई, मी हरलो. तुझी एकच इच्छा होती आणि मी तिचा चिखल केला. तू ये, मी जीप सांगतो, शेत जीपमधून बघू. राग मानू नकोस.

तुझा,
किसन

*

साखरखेर्डा
३० ऑक्टोबर

चि. किसनास आशीर्वाद.

तो बोळा आधी काढ.

ती नळी म्हणजे इंजिनाचं नाक आहे. आतली वाफ तिथून बाहेर पडते. नाक बुजवलं तर ती बिचारी वाट मिळेल तिथून ऑइल ढकलत निघणार. पॅकिंगचा काय दोष? बाबा दर वर्षी ती नळी तारेने साफ करायचे आणि मला म्हणायचे, त्याले श्वास घेऊ दे बाई. तू तेव्हा घमेल्यात कागदाची होडी सोडत होतास.

जीप सांगू नकोस. मी येत आहे.

बेबीताई

*

धामणगाव बढे
१ डिसेंबर

ति. ताईस (मु. पुणे) सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे रवीने कळवलं. तू ट्रॅक्टर शेतापर्यंत नेलास, वर आणखी दोनदा नेलास, आणि मी साठीतला माणूस घमेलं घेऊन मागे पळत होतो, हे गाव अजून सांगतंय. तू जाता जाता मला क्लच शिकवलास त्याचा परिणाम म्हणून गोठ्याचा एक खांब आडवा आहे. पण आता शेतापर्यंत जातो मी.

बोळा काढल्यावर चारी बाजूंची गळती थांबली, मागच्या बाजूने एक थेंब मात्र अजून पडतो. जानराव सवड काढून बघून गेला. आतलं सील गेलं आहे, ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा केला की बदलता येतं, म्हणाला. करून टाकू का? तू सांगशील तसं. घर ओकंबोकं वाटतं ताई.

तुझा,
किसन

*

पुणे
१२ डिसेंबर

चि. किसनास अनेक आशीर्वाद.

नको. तो थेंब राहू दे.

इथे रवीच्या इमारतीखाली चाळीस गाड्या उभ्या असतात आणि खाली एक डाग नाही. कोण घरी आहे, कोण कुठे गेलं, काही कळत नाही. गेल्या आठवड्यात रवीने विचारलं, आई, तुला काय पाहिजे? मी म्हटलं, माझं दार. साखरखेर्ड्याचं घर विकायचं नाही. थंडीत इथे पुण्यात तुझ्याकडे, बाकी माझ्या घरी. तो तसाच उठून कामावर गेला. तिसऱ्या दिवशी एसटीचं रिझर्वेशन करून आला आणि तिकीट माझ्या हातात देताना रडला. मीही रडले.

फेब्रुवारीत हरभरा काढणीला आला की सोंगायला येते. स्टँडवर मला घ्यायला येऊ नकोस. ट्रॅक्टर काढ आणि सरळ शेतात जा. मंजुश्रीकडून भाकरी घेऊन मी थेंबांमागून येईन.

तुझी,
बेबीताई