संबंधित कलाकार

३ जून
आजपासून शिस्त. एका गायकाच्या चाहत्यांवरचा माझा प्रबंध ३१ ऑगस्टला सादर म्हणजे सादर. गाइड मॅडमनी बजावलंय, यापुढे मुदतवाढ नाही. आठ वर्षं झाली म्हणे. पाया पक्का घालायला वेळ लागतोच.
नियम पहिला: संशोधकाने तटस्थ राहावं. फॅन क्लबवाले त्या गायकाला 'दादा' म्हणतात. मी 'संबंधित कलाकार' म्हणणार.

९ जून
संबंधित कलाकाराचा कार्यक्रम. पहिल्या रांगेत बसलो. मागून निरीक्षण नीट होत नाही. पाचव्या गाण्याला डोळ्यांत पाणी. स्टेजवरच्या धुरामुळे. बायको म्हणते, धुराचं मशीन बंद होतं. तिला संशोधनातलं काय कळतंय!

२१ जून
डिपार्टमेंटला नवी ज्युनिअर आलीय. हुशार पोरगी. मला चक्क 'सर' म्हणते. तिला क्लबात नेलं, सगळ्यांशी ओळख करून दिली. मुलाखतीआधी सही घेतात त्या संमतीपत्राचा माझा नमुनाही दिला. 'दिलेली माहिती कधीही मागे घेता येईल' हे कलम मी उडवलंय, एका पानात बसत नव्हतं. वर गुरुमंत्र दिला, की सही करताना कुणीही वाचत नाही.

५ जुलै
प्रकरण दुसरं सुरू करणार होतो, पण कपाट लावण्यात दिवस गेला. तिकिटं, पोस्टरं, संबंधित कलाकाराने घाम पुसून फेकलेला रुमाल. बायको विचारते, धुऊन टाकू का? डेटा कधी धुतात का!
ज्युनिअर येऊन कपाट बघून गेली. फोटो काढले, प्रश्न विचारले, बायकोशीही बराच वेळ गप्पा. निघताना एक कागद पुढे केला. केली सही. माझाच फॉर्म, त्यात वाचायचं काय?

२ ऑगस्ट
दादाने निवृत्ती जाहीर केली. दिवसभर जेवलो नाही. प्रकरण दुसरं उद्या.
(वरचं 'दादा' खोडणे.)

१९ ऑगस्ट
ज्युनिअर सेमिनारला पेपर वाचणार. विषय: 'आपण चाहते नाही असं मानणारे चाहते'. असली माणसं तिला भेटली कुठे, देव जाणे.

२४ ऑगस्ट
विश्वासघात! अस्तनीतला निखारा! तिच्या पेपरातला 'प्रतिसादक क्रमांक सात' म्हणजे मी! सात नंबर गायकाला 'संबंधित कलाकार' आणि रुमालाला डेटा म्हणतो. सात नंबर रडण्याचं खापर धुरावर फोडतो. म्हणजे बायकोही फितूर. मॅडम तर रुमालाने डोळे पुसत हसत होत्या. गुरूची विद्या गुरूला!
कागदावर तीन आक्षेप लिहिले, पद्धत, नैतिकता, कृतघ्नता. प्रश्नोत्तरांत ताठ उभा राहिलो. आणि तोंडातून निघालं काय, तर चौथ्या फोटोतल्या पोस्टरवरचं जाकीट तिसऱ्या दौऱ्यातलं नाही, दुसऱ्या दौऱ्यातलं आहे, तिसऱ्यात दादा पांढरं घालायचा.
ज्युनिअरने थँक यू सर म्हणून ते लिहून घेतलं.

२५ ऑगस्ट
तिला फोन करून सांगितलं, माझी माहिती मागे घेतोय. ती नम्रपणे म्हणाली, सर, फॉर्ममध्ये तसं कलमच नाहीये.
मन मोकळं करायला क्लबात गेलो. पेपर तिथेही पोचला होता. अध्यक्ष, म्हणजे झेरॉक्सवाले काका, म्हणाले की अभ्यास करतोस हे ठाऊक होतं, पण आठ वर्षं आमच्या मांडीला मांडी लावून दादाला 'संबंधित कलाकार' लिहिलंस? हा माणूस आपला नव्हेच. ग्रुपमधून काढलं.

३१ ऑगस्ट
प्रबंध सादर झाला नाही. मॅडम म्हणाल्या, जाऊ दे, तुझ्यावर एक चांगला पेपर तरी झाला.
घरी आलो तर रुमाल कपाटात नाही. बायको म्हणाली, प्रबंध संपला ना, म्हणून डेटा धुतला. दोरीवर चार रुमाल वाळत होते. त्यातला कुठला, ते मला ओळखता येईना.
दादा, निदान तू तरी जायला नको होतंस.