तिसरं टिंब

बदलापूर, सोमवार, ६ फेब्रुवारी १९८९

बाबा प्रत्येक सुरीवर त्रिकोणात तीन टिंबं ठोकायचे. मला ती नुसती खूण वाटायची. बाबा गेले, आता भट्टी मी चालवतो, म्हणून आज कॅम्प दोनच्या बाजारात त्याच खुणेचा ठसा करायला टाकला. ठसेवाला शेठ म्हणाला, "छोटे चाकू पे तीन नहीं बैठेगा, दो कर दूँ?" मी हो म्हटलं.

घरी आईला सांगितलं. ती विळीवरच्या टिंबांवर अंगठा फिरवत राहिली. "तुम्ही तीन भावंडं, म्हणून तीन. शांती पाचव्या वर्षी गेली, तरी तुझ्या बापानं तिचं टिंब कधी गाळलं नाही."

मी बाबांना कधी विचारलं का नाही?

आणि शेठने तर विचारलं होतं, "कौनसा निकालूँ?"

मी म्हणालो, "कोई भी."