मडमेच्या तसबिरीखाली

३ ऑगस्ट

घड्याळ आलं! माणसाएवढं उंच, वर लाकडाचा मुकुट. लंबक मात्र हलत नाही. म्हटलं, "सूनबाई, हे बंद आहे." तर यामिनी म्हणते, "आई, ते चालायला नाहीये, दिसायला आहे."

म्हणजे माझ्या उलट. मी अजून चालते, पण दिसायला नको.

मार्चमध्ये विवेकची नोकरी गेली. लेक माझा दोन महिने पंख्याकडे बघत पडून होता. मग नवरा-बायकोने ठरवलं — दुर्गापूजेला कलकत्त्यात माणसांचा पूर लोटतो, तर एक खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायची. साधी खोली कोण घेणार? म्हणून विक्टोरिया राणीच्या काळातली दिसली पाहिजे. हातात पैसा नाही, म्हणून राणीचा संसार मल्लिक बाजारच्या जुन्यापुराण्यातून!

घरात खोल्या दोन. एक त्यांची. मला अक्षर येत नाही, पण एवढी वजाबाकी येते.

हे मी फोनला सांगतेय. ऋताने शिकवलं — "आजी, ये बटण दाबायचा, बोलायचा, फोन लिहितो." नात माझी कलकत्त्यातच जन्मली, मराठी तिची अशीच लंगडते. फोन काय लिहितो ते मला वाचता येत नाही. म्हणजे तोही माझ्याबद्दल काहीही लिहीत असेल!

९ ऑगस्ट

माझ्या खोलीत फुलाफुलांचा कागद चिकटवला होता. रात्रीतून ओल आली, सकाळी सगळा लोंबत होता. या शहराने इंग्रज पुन्हा एकदा हाकलला.

१७ ऑगस्ट

यामिनी माझी ट्रंक उघडून बसली होती. क्रोशाचे रुमाल काढत होती — मी विणलेले. टीव्हीवर घालायचा, रेडिओवर घालायचा, पाण्याच्या माठावर घालायचा. लग्न होऊन आली तेव्हा हिनेच ते एकेक करून उचलले होते. "आई, हे असलं आता कोणी ठेवत नाही हो."

आज म्हणते, "आई, बाजारात ही लेस घ्यायला गेलं तर परवडणारच नाही. नि तुमच्याकडे तर खजिना आहे!"

खुर्च्यांच्या पाठी झाल्या, गोल टेबल झालं. तेव्हा गावंढळ होतं, आता विक्टोरियन झालं. विणणारी मात्र आहे तिथेच आहे. मी म्हटलं, "मलाही एखाद्या खुर्चीवर पसर." हसली नाही.

२८ ऑगस्ट

गणपती गेले. झालरीच्या टेबलावर छान दिसत होते. त्यांचं बरं असतं — दीड दिवसाचे पाहुणे आहोत हे त्यांना आधीच माहीत असतं.

२ सप्टेंबर

विवेक एक लंबगोल चौकट घेऊन आला. आत एक गोरी म्हातारी. पांढरी टोपी, गळ्यापर्यंत गुंड्या, तोंडावर असा भाव की हिची सून शेजारीच उभी असावी.

"चौकट हवी होती, बाई त्याच्याबरोबर आली," विवेक म्हणाला. माझ्या खोलीत, माझ्या खाटेच्या वर टांगली. पाहुण्यांना सांगणार — ही या घराची मूळ मालकीण.

आमच्या यांचा फोटो मात्र स्वयंपाकघरात गेला, फ्रिजच्या वर. का? तर ऑफिसच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, मागे निळा पडदा. खोलीला शोभत नाही.

दुपारभर त्या मडमेकडे बघत पडले. हिलाही नातवंडं असतील. कोणीतरी भिंतीवरून काढली असेल, तेव्हाच ना ही बाजारात आली?

१० सप्टेंबर

पितरांचा पंधरवडा चालू आहे आणि पितळी पलंग आला. म्हटलं, "अगं, या दिवसांत नवीन वस्तू आणत नाहीत."

"नवीन कुठे आई, शंभर वर्षांचा जुना आहे!"

पलंग इतका उंच की मला शिडी लागेल. शिडीची गरज नाही म्हणा. माझी खाट हॉलमध्ये गेली, घड्याळामागे.

१४ सप्टेंबर

आज यांची तिथी. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. फ्रिजपुढे पान मांडलं! दुसरं पान कावळ्यासाठी गॅलरीच्या कठड्यावर.

ऋता विचारत होती, "आजी, आजोबा तर नाही, मग जेवण का?" यामिनीने मला आधीच बजावलंय — पोरीपुढे मरणाच्या गोष्टी नकोत, घाबरते. म्हणून म्हटलं, "घरात जो नसतो, पण घरात ज्याची जागा असते, त्याचं पान वाढायचं. कावळा शिवला की त्याला पोचलं."

"आणि शिवला नाही तर?"

"तर त्याची काहीतरी इच्छा राहिली. मग घरच्याने हात जोडून शब्द द्यायचा."

ती मडमेपुढेही एक वडा ठेवून आली. शहाणी पोर.

यांच्या दहाव्याला असंच झालं होतं. गंगेच्या घाटावर पिंड ठेवलेला, चारी बाजूंनी कावळे, पण शिवेना. भटजी म्हणाले, बोला काहीतरी. विवेक रडत पुढे झाला — "बाबा, आईला मी सांभाळीन. तिला कुठे जावं लागणार नाही." लगेच शिवला!

हे सारखे फसायचे. कोणाच्याही शब्दावर विश्वास.

१६ सप्टेंबर

विवेक खाटेवर येऊन बसला. माझ्या पायाकडे बघून बोलला. "आई, शैला खूप आठवण काढते. नागपूरची हवाही कोरडी. तुझ्या गुडघ्याला बरं."

शैला माझी लेक. तिच्या दोन खोल्यांत तिची सासू, नवरा, दोन मुलगे. आठवण काढायला तिला जागा कुठे आहे?

"परत कधी?" मी विचारलं.

"बघू ना. पूजेनंतर. मग डिसेंबरातही पाहुणे असतात…"

यामिनी दारात उभी होती. रुमालाची झालर सरळ करत होती, ती सरळच होती.

१८ सप्टेंबर

हावडा. विवेकने बर्थखाली ट्रंक सरकवली, पाण्याची बाटली दिली, पाया पडला. ट्रंक हलकी आहे. रुमाल तिकडेच राहिले.

२१ सप्टेंबर

आज सर्वपित्री. दुपारी ऋताचा व्हिडिओ कॉल. "आजी, बघ!"

माझी खोली. मडमेच्या तसबिरीखाली गोल टेबल, माझा रुमाल, त्यावर केळीचं पान. भात, वरण, खीर, वडा. पानापुढे माझा चष्मा — विसरले होते. "आजी, तुझा पान! तू घरात नाही ना, पण तुझी जागा आहे. मम्माला मीच सांगितला, एक पान जास्त वाढ."

मागून यामिनीचा आवाज, "अगं बाई! मला वाटलं मडमेसाठी!" विवेक धावत आला, तोंड पांढरंफटक. जिवंत आईचं पान वाढलेलं!

"आई, पोरीला कळत नाही गं, मनावर घेऊ नकोस…"

"आणि कावळा नाही शिवत," ऋता रडवेली. कठड्यावर दुसरं पान, पलीकडे कावळा, मान वाकडी करून बसलेला.

"शिवणार कसा?" मी म्हटलं. "बापाला विचार काय करायचं असतं. त्याला येतं."

विवेकने हात जोडले. "आई, पूजा झाली की बघतो…" कावळा जागचा हलला नाही.

मग यामिनीने त्याला बाजूला सारलं. ओढणी डोक्यावर घेतली, कावळ्यापुढे हात जोडले. रडत होती. "आई, खोली तुमची. पाहुण्यांना मी आजच नाही म्हणून कळवते. या तुम्ही."

झडप! वडा गेला.

त्या घरात जागा मिळवायची तर आधी मरावं लागतं. चला, तेवढं उरकलं.