फॉर्मच्या मागे लिहिलेली नावं

कुपांग,
१४ जून २०१९

प्रिय योवी,

तुझ्या काकचा, थोरल्या बहिणीचा नमस्कार. आशीर्वाद लिहिणार होते, पण तो देण्याचा हक्क मला उरलाय की नाही, ते तूच ठरव.

तुझा पत्ता फादर हेन्रिकसकडून मिळवला. बोरोंगला तुझं बरं चाललंय, तुझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आनंद झाला.

माझं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. अंगणात शेवग्याची तीन झाडं आहेत, त्यांना पाणी घालते. शेजारीण परवा म्हणाली, "बाई, एवढी वर्षं सतरा देशांत काय करत होतात?" म्हटलं, "माणसं मोजत होते." "एवढंच?" म्हणाली. तिला काय सांगणार, की लाओसमध्ये नदीवरच्या होड्यांतली माणसं मोजताना एकच कुटुंब दोन काठांवर दोनदा लिहिलं गेलं होतं, आणि ती गफलत पकडायला मला आठवडा लागला. असल्या गोष्टींवर माझं नाव झालं. चूक पकडणारी बाई.

गेल्या महिन्यात रुतेंगला बोलावलं होतं. लहान मुलांच्या आरोग्याची पाहणी आहे, नवीन प्रगणकांना शिकवायचं होतं. पाहणीसाठी निवडलेल्या गावांची यादी हातात आली. तिसरं नाव वाए नुंगा.

योवी, पुढचं सगळं तुला माहीत आहे. पण मी ते माझ्या तोंडाने कधी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या जनगणनेत मी पर्यवेक्षक होते, तू प्रगणक. मी नुकतीच मनिलाहून वर्षभराचं शिक्षण घेऊन आले होते. तिथे शिकवलं होतं की कंटाळलेला प्रगणक सगळ्यात आधी तान्ही पोरं गाळतो. तुझ्या वाए नुंगाच्या फॉर्मांत एकसष्ट घरं होती आणि पाच वर्षांखालची मुलं फक्त चार. सगळ्या कचेरीसमोर मी तुला विचारलं, "पोरं कुठे टाकलीस, योवी? लिहायचा कंटाळा आला?"

तू म्हणालीस, "काक, फॉर्म उलटा करून बघ."

मी केला नाही. मागच्या बाजूला लिहायला मनाई आहे, एवढंच तुला ऐकवलं, आणि त्याच दिवशी कामावरून काढून टाकलं. मामाच्या मुलीला पाठीशी घालते असं कुणी म्हणेल, ही भीती होती. त्या भीतीला तेव्हा मी शिस्त म्हणत होते.

मग दुसऱ्या प्रगणकाला, सेबास्तियानुसला पाठवलं. तीन दिवसांत तो त्रेपन्न मुलं घेऊन आला. आकडे पुस्तकातल्यासारखे बसले. त्यावर मी लेख लिहिला, त्या लेखावर बँकॉकची नोकरी मिळाली. पुढे प्रत्येक देशात पहिल्या दिवशी मी हाच धडा शिकवायचे. त्यात तू 'आळशी प्रगणक' होतीस. वर्ग हसायचा.

तर या वेळी मी वाए नुंगाला गेले. पहिल्याच घरी कोर्नेलिया नावाची सत्तरीची बाई होती. उकडलेले कसावाचे कंद आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवून म्हणाली, "मोजायला आलात? पूर्वी एक पोरगी आली होती मोजायला. मोजता मोजता रडत होती."

"का?"

"गोवराने आमची पोरं नेली होती ना. ईस्टरपर्यंत गावात पाळणाच हलेना. ती पोरगी म्हणाली, 'ताई, कागदावर जिवंत माणसांचीच जागा आहे.' मी म्हटलं, मग माझ्या दोघांचं काय? तिनं कागद उलटा केला आणि म्हणाली, 'नावं सांगा.' घरोघरी तसंच लिहिलं तिनं."

मी विचारलं, "नंतर आणखी कुणी आलं होतं?"

"एक जण आला होता. मुखियाच्या ओट्यावर बसला, कॉफी प्याला. म्हणाला, वरच्या बाईंना मुलं हवी आहेत. मुखिया म्हणाला, हवी आहेत तर लिही. आमच्या दारात तो आलाच नाही."

वरची बाई म्हणजे मी. तिला तसं सांगायला हवं होतं. मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी रुतेंगच्या वर्गात मी तोच धडा शिकवला, पण खरा. तू कोण होतीस, मी काय केलं, सगळं सांगितलं. बत्तीस मुलं-मुली बसली होती, कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग त्या बाईंना परत बोलावलंत का?"

"नाही."

"का नाही?"

तिच्या या प्रश्नामुळेच हे पत्र लिहिते आहे.

ज्यांनी माझा लेख छापला होता त्यांना चूक कळवली आहे, तुझ्या नावासकट. जुने फॉर्म केव्हाच लगद्यात गेले. मी चुकले, योवी. तू खरं लिहिलं होतंस. मला माफ कर असं म्हणायला एकोणतीस वर्षं उशीर झाला, तरी म्हणते. ऑगस्टमध्ये दुसरी तुकडी येणार आहे. त्यांना एक दिवस तू शिकवावंस, अशी इच्छा आहे. ज्याला कागदावर जागा नाही असं काही समोर आलं तर काय करायचं, ते माझ्यापेक्षा तुला ठाऊक आहे.

तू अजून म्हणू देत असलीस, तर तुझीच,
लिना


बोरोंग,
२ जुलै २०१९

काक लिना,

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचून फळीवर फेकलं. चार दिवसांनी नवऱ्याने काढून पुन्हा हातात दिलं. म्हणाला, "उत्तर दे, नाहीतर घरात भांडी आपटणं थांबव."

मुद्द्यावर यायच्या आधी शेवगा, शेजारीण, लाओस. आम्हाला फॉर्मात एवढी जागा तू कधी दिली नाहीस.

आधी एक दुरुस्ती. चार नव्हे, पाच. पाचवी मुलगी आजीबरोबर डोंगरावरच्या मळ्यात होती. दुसऱ्या दिवशी चालत जाऊन तिला लिहून आले आणि तो कागद शेवटी जोडला. तू तोही पाहिला नाहीस. तिचं नाव रोसविता. आता तिला तीन मुलं आहेत.

तुझ्यासमोर खोटी ठरले, त्यातून मी सावरले. वर्षभर लोकांना तोंड दाखवलं नाही, मग दाखवायला लागले. इथल्या दवाखान्यात बाळांची वजनं घेते, लसी कुणाच्या राहिल्या ते घरोघरी जाऊन विचारते. वीस वर्षं झाली. मला काम चांगलं येतं, हे कळायला तुझं पत्र लागलं नाही.

पण एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. तुझे वडील गेल्यावर ज्यांनी तुला खांद्यावर बसवून नदीपलीकडे शाळेत नेलं, ते तुझे मामा. शेवटच्या आठवड्यात रोज विचारत होते, "लिना निघाली का?" मी रोज सांगायचे, "वाटेत आहे." तुझ्यासाठी मी तेवढं एकच खोटं बोलले. माझा खरा राग तो आहे. तुलाही ते माहीत असणार, म्हणून तर सतरा देश लिहिलेस आणि हे टाळलंस.

मला वाटतं, तुला माझ्यासमोर यायची लाज वाटत होती. अंत्यविधीला येऊन नुसती कोपऱ्यात उभी राहिली असतीस, तरी मी तुला आत बोलावलं असतं.

ऑगस्टमध्ये शिकवायला येईन. वर्गात बोलायची भीती वाटते, पण येईन. त्याआधी तू इथे ये. शनिवारी ये, बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लाव, त्यांच्याशी काय बोलायचं ते एकटीने बोल, मी लांब थांबेन. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आपण दोघी वाए नुंगाला जाऊ.

पोरांची नावं मी घरी एका वहीतही उतरवून ठेवली होती. ती पुरात गेली. पण त्या बायकांना नावं आठवतात. मला भेटल्या की अजून सांगतात, आज अमकी एवढी मोठी झाली असती. एकसष्ट घरं आहेत, दोन दिवस लागतील. विचारायचं काम माझं. तुला नुसतं तपासता येतं, विचारायला तू कधी शिकलीच नाहीस. तू लिही. तुझं अक्षर अजून सुरेख आहे. सगळी नावं झाली की फादर ती चर्चमध्ये वाचून दाखवायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. कोर्नेलियालाही निरोप धाडलाय, वरची बाई येते आहे म्हणून. ती म्हणाली, "येऊ दे, तिला जेवू घालू, मग बोलू."

माफीचं एवढ्यात विचारू नकोस. ये आधी.

वाट पाहते.

तुझ्या मामांची मुलगी,
योवी