कोरी राहिलेली ओळ

३ मार्च, मंगळवार

प्रिय ठमे,

सकाळी पाण्याची टाकी धुतली. अकराला तुझ्या आईच्या ऑफिसात गेलो, दीडच्या बसने परत आलो. वाटेत चपलेचा अंगठा शिवून घेतला.

आईची शब्दकोशाची कार्डं घरी तिच्या टेबलावर तशीच पडून होती. तिच्या मुख्य बाईंनी निरोप पाठवला होता, घाई नाही, सवडीने आणून द्या. एकशे बारा भरलेली निघाली आणि एक अर्धवट. शब्द 'भयाण'. अर्थ तिने लिहिला होता, 'कोणी किंवा काहीच नसल्यामुळे भीती वाटावी असे'. खाली वापराची ओळ कोरी होती.

तिचं काम अर्धवट परत करणं माझ्या जिवावर आलं. म्हणून तिच्याच पेनाने, तिच्यासारखं अक्षर काढून मीच लिहून टाकलं, 'त्या भयाण जंगलात एक वाघ राहत होता'. ऑफिसात बाईंनी ते वाचून चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, हे अक्षर त्यांचं नाही. आणि अहो, वाघ आहे तर जंगल भयंकर म्हणा. भयाण म्हणजे जिथे वाघसुद्धा नाही. शिवाय हे कुणी बोललंय का?

आईचा नियम तुला ठाऊक आहे. वाक्य बनवायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून निघालेलंच हवं, आणि तेही ज्याचं त्याला विचारून. आत्या म्हणायची, वहिनीकडे जेवायला जायचं म्हणजे जबानी द्यायला जायचं. 'कटकट' या शब्दाखाली माझं वाक्य आहे. रीतसर माझी परवानगी घेतली होती तिने, आणि वाक्य होतं तिच्याचबद्दल.

बाईंनी माझ्या वाक्यावर पांढरी पट्टी चिकटवून कार्ड परत दिलं. खरं वाक्य मिळालं तर लिहा म्हणाल्या, नाहीतर राहू द्या.

मी तीस वर्षं पंपघरात काढली. पंप चालू असताना आवाजाचं काही वाटत नाही. पण वीज जाऊन तिन्ही पंप एकदम थांबले की मी घाईने दाराबाहेर येऊन उभा राहायचो. घाबरण्यासारखं तिथे काहीच नसायचं. हे मी आईला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ओळ कोरी राहिली नसती.

आई गेल्यावर आठवड्याने तू फोनवर म्हणालीस, बाबा, मी नाही येणार, ते घर भयाण झालंय. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. राग आला होता. आईने इतकी वर्षं झाडूनपुसून ठेवलेल्या घराला तू नावं ठेवतेस असं वाटलं. त्याला पाच आठवडे झाले. तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. आज बसमध्ये कार्ड काढून अर्थ पुन्हा वाचला. तू घराला नावं ठेवत नव्हतीस, आई तिथे नाही एवढंच सांगत होतीस. मलाही तसंच होतं. दिवसभर रेडिओ लावून ठेवतो, ऐकत काही नाही. तेव्हा 'बरं' म्हणण्याऐवजी हे सांगायला हवं होतं.

तर पत्र लिहिलं ते परवानगी मागायला. तुझं वाक्य त्या ओळीवर लिहू का? नको म्हणालीस तर कार्ड तसंच परत करेन, मनात काही ठेवणार नाही. आणि इकडे यायची सक्ती नाही. रविवारी मीच तुझ्याकडे येऊ का, तेवढं कळव. जेवायला थांबवलंस तर थांबेन. आता ऊन कलतंय, दोरीवरचे कपडे काढतो. फार नाहीत, दोन शर्ट आणि एक टॉवेल.

तुझाच,
बाबा