तीन पाण्यांचा भुसा

रत्नागिरी, बुधवार, २१ नोव्हेंबर १९८४

वांग्याची सगळी रोपं गेली. शेवटच्या तीन रोपांनी आज संध्याकाळी माना टाकल्या. हे बी ह्यांनी गेल्या वर्षी जाण्याआधी स्वतः धरलेलं. पुडीवर त्यांचंच अक्षर, ‘घरचं वांगं’.

चूक माझीच. नारळ सोलून निघालेली सोडणं काथ्यासाठी खाडीत कुजवतात, त्यांचा तो भुसा. हे तो तीन पाण्यांनी धुवायचे आणि मगच माती-शेणखतात मिसळायचे. मी हसायची.

“अहो, भुशाला कसल्या आंघोळी घालता?”

“अगो, बीएस्सी ना तू? मग हे पाणी चाखून बघ.”

मी कधी चाखलं नाही. यंदा भुसा तसाच मिसळला. पानांच्या कडा करपल्या, तेव्हा रोपं उपाशी आहेत असं समजून वर युरियाचं पाणी दिलं. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बाईला एवढं कळू नये?

आज चिमूटभर भुसा जिभेवर ठेवला. खारट. मग उरलेला सगळा विहिरीवर नेला आणि धूत बसले. तिसरं पाणी चाखलं, ते गोडं लागलं.

भुसा आता अगदी ह्यांच्या हातचा असावा तसा झाला आहे. आणि पुडीत बी नाही.